नामपूरवरून कोण गेलं?

१

मंगळवारी सकाळी पावणेनऊच्या सुमाराला नामपूरच्या कांदा मार्केटवरून एक विमान गेलं. गेलं म्हणजे कसं, तर ट्रॉलीवर उभ्या असलेल्या माणसानं डोक्यावरची टोपी धरावी इतकं खालून. लिलाव नुकताच सुरू झाला होता. व्यापारी, हमाल, ट्रॅक्टरवाले सगळे माना वर करून बघत राहिले, आणि पुंजा नावाचा साठीचा हमाल मागं सरता सरता कांद्याच्या ट्रॉलीवरून खाली कोसळला. खुब्याचं हाड मोडलं. त्याला मालेगावला नेलं. दुपारपर्यंत अख्ख्या बागलाण तालुक्यात एकच विषय, विमान कुणाचं?

संध्याकाळपर्यंत उत्तरही मिळालं. हल्ली उत्तरं फार लवकर मिळतात, आणि मिळाली की माणसं विचार करायचं बंद करतात.

बुधवारी सकाळी रंगूबाई पिंगळे मखमलाबादच्या मळ्यात झेंडू खुडत होत्या. वय बासष्ट, तोंड तिखट. एकतीस वर्षं त्यांनी देशभरच्या विमानतळांवर रडारसमोर बसून विमानं सांभाळली होती. निवृत्त झाल्यावर भावाच्या मळ्यात फुलं लावायची आणि शनिवारी पिंपळगाव बसवंतच्या पलीकडच्या फ्लाइंग स्कूलमध्ये पोरांना रडार शिकवायला जायचं, असा त्यांचा आठवडा. द्राक्षबागांच्या मधोमध एक छोटी धावपट्टी, एक हँगर आणि दोन विमानं, एवढीच ती शाळा. गेल्या आठवड्यात खंडेनवमीला हँगरमध्ये यंत्रांची पूजा झाली, तेव्हा झेंडूही बाईंचाच होता आणि पूजेला पुढंही बाईच होत्या.

बांधावरून रुखसार शेख आली. बाईंची विद्यार्थिनी, बावीस वर्षांची, वर्गात सगळ्यात पुढं बसणारी. डोळे जागरणानं तांबारलेले.

"मॅडम, मी नव्हते," ती आल्या आल्या म्हणाली.

"आधी बस. पाणी पी. मग काय नव्हतीस ते सांग."

तिनं सांगितलं. शाळेच्या दोन विमानांपैकी एकाला निळा पट्टा, एकाला लाल. पोरं त्यांना निळी आणि लाली म्हणतात. मंगळवारी सकाळी दोन्ही उडाली. निळीत रुखसार एकटी. लालीत मुख्य शिक्षक कॅप्टन अमित देवरे, तेही एकटेच, इंजिनाची चाचणी घ्यायला. इंटरनेटवरच्या नकाशात निळी उत्तरेला नामपूरच्या दिशेनं गेलेली दिसते. आणि रुखसारचं घर नामपूरलाच.

"उद्या पाच वाजेपर्यंत माफीनाम्यावर सही कर म्हणाले. केली तर शाळा पोलिसांत जाणार नाही, पण माझं नाव कमी होईल. असा शेरा पडल्यावर दुसरी कुठली शाळा घेणार मला? एकसष्ट तास उडालेय मी, मॅडम. पुन्हा कधीच उडता येणार नाही."

"तू होतीस कुठं?"

"सिन्नरवर. मला दक्षिणेचाच भाग दिला होता. तासभर नुसत्या गिरक्या घेतल्या."

"तिथं कुणी पाहिलं तुला?"

"नाही. पण नामपूरला पाहिलं म्हणे." ती थांबली. "मार्केटमधल्या सगळ्यांना एकानं ओरडून सांगितलं, की विमानात रुखसारच आहे."

"कोण तो शहाणा?"

"माझे अब्बा."

२

शहरातल्या द्वारकेच्या चौकात गाड्यांचा गोंधळ जिथं सगळ्यात जास्त, तिथंच अल्तमशचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. दुकानाच्या गच्चीवर त्यानं हातभर उंचीची एक काठी उभी केली होती. विमानं स्वतःबद्दल जे काही हवेत बोलतात ते ती काठी ऐकते, खालचा कॉम्प्युटर लिहून घेतो आणि इंटरनेटवरच्या नकाशाला पाठवतो. हौस, दुसरं काही नाही. पण त्या भागात अशी काठी त्याची एकट्याचीच होती. म्हणजे रुखसारला अडकवणारा नकाशा त्याच्याच गच्चीवरून गेला होता.

"मला रात्रभर झोप नाही, ताई," रुखसारला घेऊन आलेल्या बाईंना तो म्हणाला. "माझ्या खेळण्यानं एका पोरीचं वाटोळं होतंय."

"वाटोळं अजून झालेलं नाही. दाखव."

पडद्यावर दोन रेघा होत्या. लालीची रेघ सिन्नरवर गोल गोल फिरलेली. निळीची रेघ पिंपळगावहून उत्तरेला निघून सातमाळ्याच्या डोंगरांपर्यंत गेलेली, तिथं तुटलेली, पंचवीस मिनिटांनी परत उगवलेली आणि घरी आलेली.

"अमित सर म्हणतात, ही पंचवीस मिनिटं मी ट्रान्सपॉन्डर बंद केला," रुखसार म्हणाली. "चोरी लपवायला."

अल्तमशनं विचारलं, "ताई, मला एक समजावून सांगा. रडार असताना ट्रान्सपॉन्डरची ही पेटी लागतेच कशाला?"

बाईंना शिकवायला निमित्तच हवं असायचं. "जुनं रडार म्हणजे डोंगरात हाक मारण्यासारखं, बाबा. हाक आपटून परत आली की कळतं तिकडं काहीतरी आहे. पण ते विमान आहे की पक्ष्यांचा थवा, कुणाचं आहे, किती उंचीवर आहे, काही कळत नाही. म्हणून विमानात ही पेटी बसवली. आता रडार नुसती हाक मारत नाही, विचारतं, कोण तू? पेटी उत्तर देते, मी अमुक, एवढ्या उंचीवर. नवीन पेट्या तर कुणी न विचारताही सेकंदासेकंदाला आपलं नाव आणि ठिकाण सांगत सुटतात. तुझी काठी ऐकते ते हेच."

"आणि बंद केली तर?"

"तर गप्प. पण ही बंद केलेली नाही." बाईंनी तुटलेल्या रेघेच्या टोकावर बोट ठेवलं. "उंची बघ. इथून खाली खाली येतेय, आणि हळूहळू उतरत असतानाच गेली. या लहरी सरळ रेषेत चालतात, उजेडासारख्या. द्वारका आणि नामपूरच्या मध्ये अख्खा सातमाळा आडवा. विमान डोंगरापलीकडं खाली गेलं, म्हणून तुझ्या काठीला ऐकू येईना. परत वर आलं, ऐकू आलं. पेटी पूर्ण वेळ बोलत होती."

अल्तमशचा चेहरा उजळला. "म्हणजे लपवालपवी नव्हतीच!"

रुखसारचा मात्र उतरला. पोर हुशार, तिला लगेच कळलं. पेटी चालू होती, म्हणजे निळी नावाची पेटी खरोखरच डोंगर ओलांडून नामपूरवर उतरली होती. बाईंच्या युक्तिवादानं तिला सोडवलं नव्हतं, उलट आणखी पक्कं बांधलं होतं.

रंगूबाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, ही खोटं तर बोलत नाही ना?

निघताना त्यांनी अल्तमशला सहज विचारलं, "नकाशावर दिसतं त्याहून जास्त काही साठवतोस का रे?"

"सगळंच साठवतो, ताई. आकड्यांचा ढीग असतो. आठवड्यानं पुसतो."

"हा आठवडा पुसू नकोस."

३

शाळेचे मालक भारतशेठ मोगल, द्राक्षांचे मोठे बागायतदार. माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता. शाळेचा परवाना जाईल या धास्तीनं त्यांनी कालपासून धड जेवणही घेतलं नव्हतं.

"रंगूताई, तुम्ही शिक्षक आहात, तुमची माया असणार. पण नकाशा खोटं बोलतो का?"

"नकाशा बोलतच नाही, शेठ. आपण त्याच्या तोंडी घालतो. कॅप्टन कुठं आहेत?"

अमित देवरे बाहेर व्हरांड्यात उभा होता. पस्तिशीतला, देखणा, विद्यार्थ्यांचा लाडका. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि बाईंना तेच जरा खटकलं. एवढी मोठी भानगड आपल्या विद्यार्थिनीनं केली तर गुरू आधी भडकतो, समजूतदारपणा मागाहून येतो.

"मॅडम, मलाही वाईट वाटतं. चांगली पोरगी आहे. पण मी समजू शकतो. वरून आपलं गाव दिसतं, घरची माणसं गच्चीवर उभी आहेत, मोह होतो माणसाला. एकदाच खाली जाऊ, बघतील, हात हलवतील. क्षणाचा मोह असतो हो. तिनं मान्य केलं असतं तर मीच शेठजींकडं रदबदली केली असती."

"तुम्ही कुठं होतात तेव्हा?"

"सिन्नरवर. नकाशात आहेच की."

"तिला दक्षिणेचा भाग दिला होता म्हणते ती."

"तोंडी ठरलं होतं. मी म्हणतो उत्तर, ती म्हणते दक्षिण. आता काय करणार?"

बाई हँगरमध्ये गेल्या. तिथं महेश, शाळेचा मेकॅनिक, लालीच्या पोटाखाली आडवा झाला होता. निफाडकडचा, हात सोन्याचे, बोलायला लाजरा. निळीच्या नाकावर खंडेनवमीचं हळदकुंकू अजून दिसत होतं.

"महेश, निळीचा ट्रान्सपॉन्डर ठीक आहे ना?"

"एकदम ठीक हाय, मावशी. दोन्ही पेट्या तर आत्ताच तपासून आल्या. दसऱ्याच्या आधी काढल्या व्हत्या, टेबलावर ठेवल्या, पूजा झाली आन् परत बसवल्या. चालू केल्या, रडारला उत्तर गेलं, काम खलास."

"दोन्ही एकाच वेळी काढल्या होत्या?"

"व्हय. त्यात काय?"

बाईंना तेव्हा खरंच काही सुचलं नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं, की दोन माणसं दक्षिणेला होतो म्हणतायत, आणि एक विमान उत्तरेला गेलंय. खोटं बोलणारं कोण हे शोधायचं तर जिथं खोटं घडलं तिथंच जायला हवं होतं.

४

दुपारच्या एसटीनं त्या नामपूरला पोचल्या. इसाक शेख मार्केटमध्ये गोण्या शिवायचं काम करायचा. त्या दिवशी मात्र तो घरात बसून होता. एका खोलीचं घर, वर पत्रे, दारात शेवगा. बाईंना पाहून त्यानं खुर्ची पुढं केली आणि स्वतः उंबऱ्यावर बसला.

"चूक मनी शे, माझीच हाय, बाई," तो म्हणाला. "मीच वरडलो. इमान आलं आन् मला काय झालं कुणास ठाऊक. मनी पोर शे ती, मनी पोर शे ती, असा नाचलो. सगळ्यांना हलवून हलवून सांगितलं. तिकडं पुंजाभाऊ पडला ते बी दिसलं नाय मला. मी हात हलवत व्हतो."

"तुम्हाला ती दिसली? विमानात?"

"नाय."

"पट्टा? निळा होता की लाल?"

"ऊन डोळ्यावर व्हतं. पोट पांढरं दिसलं फक्त."

"मग रुखसारच आहे हे कशावरून?"

इसाकनं उंबऱ्यावरची धूळ हातानं सारली. "आमच्या गावावरून दुसरं कोण जाईल, बाई?" तो शेवटी म्हणाला आणि त्यानं डोळे पुसले. "तीन वरसं लोक हसत्यात मला. पोरगी इमान चालवती म्हणं, थापा मारतो इसाक. इमान आलं तवा वाटलं, बघा रे, आता बघा. आता ते सगळे म्हणतात, तूच तर सांगितलं व्हतंस. पोरीच्या गळ्यात फास मीच घातला."

बाईंना पुढचा प्रश्न विचारवेना. हा माणूस पोरीवर इतका जीव टाकत होता, की त्याच्या मायेचाच तिच्याविरुद्ध पुरावा झाला होता. त्यांनी नजर वर केली, आणि ती पत्र्यांवर अडली.

"इसाकभाई, तुमच्या घराला गच्ची नाही."

"गच्ची? आमच्या गल्लीत एकच गच्ची, त्या नवसाबाई आहेरांची. मार्केटच्या कुंपणाला लागून घर हाय त्यांचं."

अमितचे शब्द बाईंच्या कानात वाजले. घरची माणसं गच्चीवर उभी आहेत. हा माणूस कुणाची गच्ची डोळ्यांपुढं आणून बोलत होता?

नवसाबाई आहेर ओट्यावर शेंगा निवडत होत्या. वरच्या गच्चीवर एका लहान मुलीचे झबली-कपडे वाळत होते. रंगूबाईंनी राम राम केला, पाणी मागितलं आणि विचारलं, "काल विमान गेलं म्हणे इथून. तुम्ही पाहिलंत का?"

नवसाबाईंचा हात शेंगांवर थांबला.

"पाहिलं, नाही पाहिलं, तुम्हाला काय करायचंय?" त्या फटकन म्हणाल्या. "आमच्या जावयाला कशाला मध्ये ओढता?"

जावयाचं नाव रंगूबाईंनी काढलंच नव्हतं.

५

लेक माहेरी आलेली, नात गच्चीवर, आणि जावई वरून. ज्या मोहाची गोष्ट अमित रुखसारच्या नावावर सांगत होता, ती त्याचीच होती. म्हणूनच इतकी अचूक सांगितली होती. बाईंना सगळं दिसत होतं, फक्त सिद्ध एक अक्षर करता येत नव्हतं. सासूनं तोंड मिटलं होतं आणि नकाशा ठामपणे निळी म्हणत होता.

मुक्काम त्यांनी इसाककडंच केला. गुरुवारी सकाळी एसटीची वाट बघत त्या मार्केटच्या फाटकाशी उभ्या होत्या. ट्रॅक्टर रांगेत लागले होते. फाटकावरचा कारकून प्रत्येकाला एक टोकन देत होता. एका ट्रॅक्टरवाल्याच्या ट्रॉलीमागं नंबर लिहिलेला एक आणि ट्रॅक्टरचा नंबर दुसराच.

"अहो, हे नंबर जुळत नाहीत," बाई कारकुनाला म्हणाल्या. त्यांची सवयच ती.

कारकून हसला. "ट्रॉली मागून आणलेली आहे भाऊबंदाची. इथं रोजचंच आहे, मावशी. मागच्या पाटीवर कोण जातं? आजचं टोकन कुणाच्या हातात आहे ते बघायचं."

रंगूबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. एसटी आली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली, तेव्हा कुठं त्या चढल्या. बसल्या बसल्या त्यांनी अल्तमशला फोन लावला आणि पंधरा मिनिटं बोलल्या. मग थेट पिंपळगाव गाठलं.

"महेश, दोन्ही पेट्या बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता. काढताना फोटो घेत राहा."

महेशनं काढल्या. पुढून दोन्ही अगदी सारख्या, जुळ्या बहिणी. मागच्या बाजूला मात्र कारखान्याचा क्रमांक होता. त्यानं नोंदवहीशी ताडून पाहिलं, आणि त्याच्या हातातला पान्हा खाली पडला.

"मावशी... निळीची लालीत हाय. लालीची निळीत."

"प्रत्येक विमानाचं जन्मनाव या पेटीत भरलेलं असतं. पेटी दुसऱ्या विमानात घातली आणि नाव बदललं नाही, तर ती जुनंच नाव सांगत राहणार."

"म्या उत्तर जातंय का तेवढंच पाहिलं. नाव कुणाचं जातंय ते नाय पाहिलं." महेशनं पेट्या पुन्हा उलटून पाहिल्या. "पण मी काढताना चिठ्ठ्या बांधल्या व्हत्या, मावशी. दोन्हीला. निळी, लाली, असं लिहून."

"मग त्या गेल्या कुठं?"

त्यानं वर पाहिलं नाही.

"तुम्हीच काढायला लावल्या. पूजेच्या वेळी. म्हणाल्या, किती तेलकट झाल्यात रे, देवापुढं असलं मळकं ठेवतात का?"

६

साडेचार वाजता भारतशेठच्या खोलीत सगळे जमले. टेबलावर माफीनामा, शेजारी पेन. रुखसार भिंतीशी उभी. अल्तमश लॅपटॉप मांडीवर घेऊन एका कोपऱ्यात.

"आधी माझी चूक सांगते," रंगूबाई म्हणाल्या. "पूजेला पेट्यांवरच्या चिठ्ठ्या मी काढायला लावल्या. एकतीस वर्षं या धंद्यात काढून मला अक्कल आली नाही, की त्या चिठ्ठीवर कुणाचा तरी जीव टांगलेला असतो. पेट्या उलटसुलट बसल्या. म्हणजे नकाशात निळी म्हणून जी दिसते ती खरी लाली होती."

भारतशेठ उठून उभे राहिले. अमितचा चेहरा क्षणभर रिकामा झाला. ही गोष्ट त्याला नवीन होती, हे बाईंनी पाहिलं. नकाशा आपल्याऐवजी पोरीकडं बोट का दाखवतोय हे त्यालाही ठाऊक नव्हतं. नशिबानं दिलं आणि त्यानं न विचारता घेतलं.

पण तो पटकन सावरला. "मॅडम, पेट्या आज उलट सापडल्या. मंगळवारी उलट होत्या कशावरून? हँगर उघडं असतं. पोरीला वाचवायला कुणी काल बदलल्या नसतील?"

"रास्त प्रश्न," बाई म्हणाल्या. "रुखसार, उड्डाणाच्या आधी टॉवरनं तुला कोड काय दिला होता?"

"पाच तीन एक चार, मॅडम."

"हे कसलं?" शेठनी विचारलं.

"जन्मनाव पेटीत असतं, शेठ, पण ते झालं ट्रॉलीमागच्या पाटीसारखं. त्याशिवाय दर उड्डाणाला मोठ्या विमानतळाचा टॉवर पायलटला चार आकड्यांचा कोड देतो. त्या दिवसाचं टोकन म्हणा. पायलट तो स्वतःच्या हातानं पेटीवर लावतो. पेटी कुणाचीही असो, कोड त्या दिवशी त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा असतो. ती कोड खोटा सांगत असेल, कॅप्टन?"

"ते तपासता येईल. टॉवरकडं रेकॉर्डिंग असतं."

"असतंच. तुमचा कोड?"

"पाच तीन एक पाच," अमित म्हणाला. "बिनधास्त तपासा."

"लिहून देता?"

त्यानं माफीनाम्याशेजारच्याच पेनानं कागदावर आकडा लिहिला. बाईंनी तो अल्तमशकडं दिला.

"नकाशावर फक्त जन्मनाव दिसतं," त्या म्हणाल्या. "पण पेटी नावाबरोबर कोडही बोलते, आणि अल्तमश सगळं साठवतो. सांग बाबा. मंगळवारी साडेआठला सातमाळ्यावरून उत्तरेला जाणारी पेटी कुठला कोड सांगत होती?"

अल्तमशनं घसा साफ केला. "पाच तीन एक पाच. जाताना पण, येताना पण. सिन्नरवरची पेटी तासभर पाच तीन एक चार सांगत होती."

बाहेर द्राक्षबागेत फवारणीचा ट्रॅक्टर चालू होता, त्याचाच काय तो आवाज. अमितनं स्वतःच्या अक्षरातल्या त्या चार आकड्यांकडं पाहिलं आणि डोकं दोन्ही हातांत धरलं.

"मुलगी गच्चीवर होती," तो म्हणाला. "तीन वर्षांची आहे. फोनवर म्हणाली, पप्पा, विमान दाखव. मला वाटलं, एकदाच. तो माणूस पडला हे मला संध्याकाळी कळलं. मी सांगायलाच निघालो होतो, मॅडम. शपथेवर सांगतो. तेवढ्यात कुणीतरी नकाशा दाखवला, त्यात निळी. मी गप्प बसलो. एक दिवस गप्प बसलो, मग दुसऱ्या दिवशी तोंडच उघडेना."

"तुम्ही गप्प नव्हता बसलात," रुखसार म्हणाली. "तुम्ही माझ्या वतीनं बोललात, सर. मला मोह झाला, मी लपवलं, हे सगळं तुम्ही सांगत होतात. मी तुमच्याकडून विमान शिकले. मला तर शेवटी शेवटी वाटायला लागलं होतं, की खरंच गेले असेन की काय."

भारतशेठनी माफीनामा उचलला, चार तुकडे केले आणि कोरा कागद त्याच्यापुढं सरकवला. महेशनं न सांगता दुसरा कागद घेतला आणि पेट्यांची स्वतःची चूक लिहायला बसला. रंगूबाईंनी तिसरा घेतला.

७

शुक्रवारी सकाळी रुखसार घरी निघाली, आणि बाईही बरोबर निघाल्या. इसाकला खरं काय ते समोरासमोर सांगायचं होतं, फोनवर नको.

तो घरी नव्हता. मार्केटला गेला होता, मंगळवारनंतर पहिल्यांदा. दोघी तिथं पोचल्या तेव्हा लिलावाला माणसं जमत होती. रुखसारनं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. पेटी, कोड, अमित सर, नवसाबाईंची गच्ची. तो ऐकत होता आणि मध्ये मध्ये एकच विचारत होता, "म्हणजे तू सुटलीस ना? शिकणं चालू राहील ना?"

"सोमवारपासून पुन्हा उडणार, अब्बा."

"अल्ला." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्याच्या काहीतरी ध्यानात आलं आणि हात तसाच राहिला. "मग मंगळवारी ती तू नव्हतीस."

"नाही, अब्बा."

"मुळीच नव्हतीस."

"मी सिन्नरवर होते. मला सांगितलं होतं तिथंच."

त्यानं मान हलवली. दोघींना काही कळायच्या आत तो जवळच्या एका रिकाम्या ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन वर चढला. गुडघ्यांना कष्ट पडत होते, तरी चढला. लिलाव पुकारणारा थांबला.

"भाऊ हो, ऐका!" इसाक ओरडला. "मंगळवारी मी इथंच नाचलो. म्हटलं, मनी पोर शे ती. ते खोटं व्हतं. ती नव्हती. तिला जिथं उडायला सांगितलं व्हतं, तिथंच ती उडत व्हती, तीस कोस लांब. पुंजाभाऊला तिनं पाडलं नाय."

कुणीतरी मागून हसून म्हणालं, "मग तू हात कुणाला हलवत होतास रे, इसाक?"

हशा पिकला. रंगूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण इसाक चिडला नाही.

"दुसऱ्याच्या पोराला हलवला," तो म्हणाला. "मी मनी पोर उडताना अजून पाहिलीच नाय."

पुकारणाऱ्यानं टोपी काढून डोकं पुसलं आणि लिलाव लगेच सुरू केला नाही. खाली रुखसार ट्रॉलीचं फळकूट घट्ट धरून उभी होती. पाच वाजेपर्यंतची मुदत असताना, आरोप असताना, सरांच्या तोंडावर बोलतानाही जी रडली नव्हती, ती आता हमसून हमसून रडत होती. रंगूबाईंनी तिला जवळ घेतलं आणि इसाकला खाली उतरायला हात दिला.